पिल्लू सापडलंय, काय खायला देऊ?

मे महिना. परीक्षा संपल्यात किंवा शेवटचा पेपर उरलाय. कॉलेजच्या ग्रुपवर एक फोटो येऊन पडतो. कुणाच्या तरी तळहातावर बसलेलं तपकिरी पिसांचं, आखूड शेपटीचं, कायम चिडल्यासारखं दिसणारं पिल्लू. खाली मेसेज : 'गाइज, पार्किंगमध्ये सापडलं. उडता येत नाहीये. काय खायला देऊ? अर्जंट!'

पुढची दहा मिनिटं सल्ल्यांचा पाऊस. 'दूध-पोळी दे.' 'ड्रॉपरने पाणी पाज.' 'भात कुस्करून दे, आमच्याकडची साळुंकी त्यावरच वाढली.' 'आता हात लावलास ना, आई परत घेणार नाही.' मग चार बदाम, दोन 'सो क्यूट', आणि शेवटी कुणीतरी विचारतंच, 'नाव काय ठेवलंस?'

या सगळ्यात एक प्रश्न राहून जातो. ते पिल्लू खरंच हरवलंय का?

बहुतेक वेळा नसतं हरवलेलं. त्याचे आईबाप वीस फुटांवरच्या गुलमोहरात बसून ओरडत असतात. चोचीत अळी धरून, 'ही दोन पायांची भली मोठी जनावरं कधी एकदा इथून जातात' याची वाट बघत असतात. आपण जात नाही. आपण पिल्लू उचलतो, बुटांच्या खोक्यात घालतो आणि स्कूटीवरून घरी नेतो. आपल्या लेखी हा रेस्क्यू. त्या दोघांच्या लेखी भरदुपारी झालेलं अपहरण.

शेपूट बघा, मग ठरवा

जमिनीवर सापडणारी पिल्लं साधारण दोन प्रकारची असतात. हा फरक कळला की निम्मं काम झालं.

पहिलं म्हणजे खरोखरच घरट्यातलं पिल्लू, नेस्टलिंग. उघडंबोडकं, गुलाबी, अंगावर पिसं नाहीत किंवा नुसतीच काटेरी नळ्यांसारखी फुटलेली. डोळे मिटलेले किंवा अर्धवट उघडलेले. पायांत जोर नाही, बोटावर ठेवलं तर पकड घेता येत नाही. हे वाऱ्याने, अवकाळी पावसाने, मांजरामुळे नाहीतर घरट्यातल्या धक्काबुक्कीत खाली आलेलं असतं. त्याला मदत लागते.

दुसरं म्हणजे उडायला शिकणारं, फ्लेजलिंग. अंगभर पिसं, डोळे टक्क उघडे, शेपूट मात्र कात्री मारल्यासारखी आखूड. टुणटुण उड्या मारतं, फांदी घट्ट धरतं, पंख फडफडवून चार फूट जातं आणि धप्पकन बसतं. ग्रुपवरच्या फोटोतलं पिल्लू हे असं. बुलबुलाचं असावं. बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंपी या मंडळींची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात. बुलबुलाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत घरट्याबाहेर पडतं. घरट्यात राहणं जास्त धोक्याचं असतं. एका सापाला किंवा कावळ्याला पत्ता लागला की तिन्ही पिल्लं एका फेरीत संपतात. झुडपांत पांगलेली असली तर निदान एखादं वाचतं.

म्हणजे हे पिल्लू पडलेलं नसतं, घराबाहेर पडलेलं असतं. फर्स्ट इयरचा होस्टेलाइट समजा. राहतो बाहेर, पण डबा अजून घरून येतो. पुढचा आठवडा-दोन आठवडे आईबाप त्याच्यामागे फिरत त्याला भरवतात. किडा कसा पकडायचा, मांजर दिसलं की कुठे दडायचं, कुठल्या आवाजाला गप्प बसायचं, हे सगळं तो या दिवसांत शिकतो. पहिल्यांदाच भाजी आणायला गेलेल्या मुलासारखा तो बावळट दिसतो खरा, पण तेवढ्यासाठी त्याला उचलून परत आणायचं नसतं.

तेव्हा सापडलेलं पिल्लू पिसांचं, ठणठणीत आणि उड्या मारणारं असेल तर करायचं एवढंच. रस्त्यात, पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मध्ये असेल तर अलगद उचलून जवळच्याच झुडपात किंवा खालच्या फांदीवर ठेवायचं. कॉलेजचा कुत्रा किंवा कॅन्टीनचं मांजर आसपास असेल तर त्यांना तासभर दुसरीकडे रमवायचं. आणि आपण लांब जायचं. लांब म्हणजे खरंच लांब. मोबाइल धरून पाच फुटांवर उभं राहणं म्हणजे लांब नाही. खिडकीतून, जिन्यातून, गाडीमागून बघा. आईबाप सहसा तासाभरात येतात. कधी जास्त वेळ लागतो, कारण त्यांना बाकीची पिल्लंही सांभाळायची असतात.

हे सगळ्यात अवघड आहे, हेही मान्य. काहीतरी करणं सोपं असतं. खोका शोधणं, गुगल करणं, स्टोरी टाकणं यात आपण मदत करतोय असं वाटत राहतं. झाडाकडे बघत एक तास गप्प बसणं कुणाला मदत वाटत नाही. त्याची रीलही होत नाही.

'हात लावलास? आता संपलं'

हे आजीपासून झूलॉजीच्या मुलांपर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. माणसाचा वास लागला की पक्षी पिल्लू टाकून देतो. तसं होत नाही. अंडी उबवण्यात आणि पिल्लं भरवण्यात इतके दिवस घातल्यावर कुठलाही पक्षी बोटाच्या वासापायी ते सोडून देत नाही. पिल्लाचा आवाज आणि त्याची उघडी चोच, आईबापांना एवढं पुरतं. ते दूर राहतात ते आपण तिथे उभे असतो म्हणून.

त्यामुळे उघडंबोडकं पिल्लू सापडलं आणि घरटं दिसत असेल, हात पोहोचत असेल, तर त्याला सरळ परत घरट्यात ठेवायचं. शिडी, माळीकाका, उंच मित्र, जे मिळेल ते वापरा. आधी ते गार पडलंय का बघा. गार असेल तर दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत पाच-दहा मिनिटं ऊब द्या. गारठलेल्या पिल्लाला आईनेही भरवलं तरी पचत नाही.

घरटंच खाली आलं असेल तर? वळवाच्या पावसानंतर हे हमखास होतं. अशा वेळी श्रीखंडाचा रिकामा डबा किंवा छोटी टोपली कामी येते. डब्याच्या तळाला पाच-सहा भोकं पाडायची, नाहीतर पुढच्या सरीत त्याचं टाकं होतं. आत ते पडलेलं घरटं किंवा सुकं गवत नाहीतर नारळाच्या शेंड्या घालायच्या आणि डबा त्याच झाडाला, आधीच्या जागेच्या शक्य तितक्या जवळ, सावलीत पक्का बांधायचा. पिल्लं आत ठेवायची आणि पुन्हा तेच, लांब जायचं. आई घरट्याच्या आर्किटेक्चरबद्दल फारशी चोखंदळ नसते. होल्याचं घरटं कधी निरखून पाहिलंय का? आठ-दहा काड्या आडव्यातिडव्या टाकल्या की झालं. खालून अंडी दिसतात. श्रीखंडाचा डबा त्याच्यापुढे बंगलाच.

कावळ्यांचा मामला वेगळा. मे-जूनमध्ये कॅम्पसमध्ये एखाद्या ठरावीक झाडाखालून जाताना कावळा डोक्यावर टपली मारून जातो. दरवर्षी कुणीतरी त्याचा शनीशी संबंध जोडतं. खरं तर वर घरटं असतं, किंवा खाली कुंपणाशी एक पिल्लू बसलेलं असतं आणि तुम्ही त्याच्या फार जवळून गेलेले असता. चार दिवस दुसऱ्या गेटने जा, प्रश्न मिटतो. गंमत म्हणजे ज्या पिल्लासाठी कावळे एवढे जिवावर उदार होतात, ते कधीकधी कोकिळेचं असतं. कोकिळा अंडं कावळ्याच्या घरट्यात घालून मोकळी होते, आणि कावळा-कावळी ते पिल्लू उडेपर्यंत इमानेइतबारे भरवतात. काऊ-चिऊच्या गोष्टीने कावळ्यावर मोठाच अन्याय केलाय.

खोक्यातले दोन दिवस

आता समजा पिल्लू घरी आलं. पुढे काय होतं ते सांगायला हवं, कारण रीलमध्ये पहिला दिवसच दिसतो.

पहिल्या दिवशी ते चोच उघडतं. सगळे खूश. कुणीतरी ड्रॉपर आणतं. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मुळाशी असतं. वरून टाकलेला पाण्याचा थेंब सरळ फुप्फुसात जाऊ शकतो. माणसाला ठसका लागतो, पिल्लू निमूटपणे गुदमरतं. घरट्यातल्या पिल्लांना कुणी पाणी पाजत नाही, त्यांना लागणारं पाणी किड्या-अळ्यांतून आणि फळांतून मिळतं. दूध तर नकोच. पक्षी सस्तन प्राणी नाहीत, दुधातली साखर त्यांना पचत नाही, जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी काही तासांत संपतं. ('मग पिजन मिल्क?' असं कुणीतरी विचारणारच. ते कबुतरं नर-मादी दोघंही आपल्या गळ्याजवळच्या अन्नाच्या पिशवीत तयार करतात. डेअरीत मिळत नाही.)

भात, पोळी, ब्रेड, बिस्किटं यांनी पोट भरतं, हाडं होत नाहीत. पिल्लाचं वजन दिवसागणिक वाढत असतं आणि हाडांना कॅल्शियम, प्रोटीन लागतं. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना अळ्या आणि किडे भरवते ते त्यासाठीच. पोळीवर वाढलेल्या पिल्लाचे पाय वाकतात. मग ते दिसतं गुबगुबीत, पण उभं राहू शकत नाही. 'आमच्याकडची साळुंकी भातावर वाढली' म्हणणाऱ्याला ती पुढे किती जगली ते जरूर विचारा.

शिवाय हे भरवायचं किती वेळा? लहान पिल्लांना उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर पंधरा-वीस मिनिटांनी. दिवसाला चाळीस-पन्नास घास. आईबाप दोघं मिळून हे करतात आणि संध्याकाळपर्यंत पिचून जातात. आपलं इंटरनल, प्रॅक्टिकल, क्लास, झोप सांभाळून हे कसं जमणार? दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लू चोच उघडणं बंद करतं. रात्री मान टाकतं. सकाळी ग्रुपवर रडका चेहरा येतो, सगळे 'आरआयपी' लिहितात, आणि ज्याने ते आणलं तो खरंच दोन दिवस जेवत नाही. त्याची माया खोटी नसते. माहिती कमी पडलेली असते.

डॉक्टर कधी?

काही वेळा मात्र हात आखडून चालत नाही. रक्त दिसतंय, पंख लोंबतोय, अंगाला मुंग्या लागल्यात, पिल्लू गार आणि मलूल आहे, आईबाप मेलेले दिसले, किंवा दोन-तीन तास नीट लांबून पाहूनही कुणीच आलं नाही. आणि मांजर. मांजराच्या तोंडातून सोडवलेल्या पिल्लावर जखम दिसली नाही तरी त्याला डॉक्टर लागतोच. मांजराच्या दातांतले जंतू पक्ष्याच्या रक्तात भिनले की दिवस-दोन दिवसांत खेळ आटोपतो. अँटिबायोटिक वेळेत मिळालं तर वाचण्याची आशा असते.

अशा वेळी झाकणाला भोकं पाडलेला खोका घ्या, तळाला सुती कापड घाला (टॉवेलच्या धाग्यांत नख्या अडकतात) आणि खोका अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. गारठा असेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवा. खायला काही नाही, पाणी नाही, दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणं नाही. जंगली पक्ष्याला आपला चेहरा म्हणजे शिकाऱ्याचा चेहरा वाटतो. आपण गोंजारतो तेव्हा तो शांत झालेला नसतो, भीतीने थिजलेला असतो.

मग फोन. महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन आहे १९२६. हा नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. मुंबईत परळचं बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय पक्ष्यांवर उपचार करतं. नागपूरला सेमिनरी हिल्सवर आणि पुण्यात बावधनला वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. गल्लीतला पेट क्लिनिकवाला डॉक्टर कुत्र्या-मांजरांत पटाईत असला तरी जंगली पक्ष्याचं त्याला जमेलच असं नाही. जाण्याआधी विचारून घ्या.

काही पाहुणे खास सूचना घेऊन येतात. घारीचं पिल्लू मोठं असतं आणि नख्या तळहातातून आरपार जातील अशा. त्याला मोकळ्या हाताने धरू नका, आधी जाड कापड टाका. पाकोळी, म्हणजे पुलाखाली आणि जुन्या इमारतींच्या छताला गवत-पिसांची घरटी करणारी, खाली पडली तर धडधाकट असूनही तिला जमिनीवरून झेप घेणं अवघड जातं. तिला हवेत भिरकावून 'उड' म्हणायचं नाही, जखमी असेल तर आपटून मरते. आणि गव्हाणी घुबड. पांढरा लोकरी अंगरखा, बदामाच्या आकाराचं तोंड आणि सापासारखा फुत्कार. २०१७ मध्ये विशाखापट्टणमला एका बांधकामावर अशी तीन पिल्लं सापडली आणि 'एलियन सापडले' म्हणून व्हिडिओ देशभर फिरला. हसू येतं, पण घुबडाच्या बाबतीत अशी प्रसिद्धी धोक्याची असते. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात. कॉलेजच्या दगडी इमारतीत घुबडाने पिल्लं केली असतील तर लोकेशन टॅग करायचं नाही, बस्स.

ठेवूया ना आपल्याकडेच?

पिल्लू जगलं तर खरा पेच पुढेच आहे. ते तुमच्या खांद्यावर बसतं, मोबाइलवर चोच मारतं, तुम्ही कॉलेजमधून आलात की ओरडतं. त्याला सोडवत नाही. कॉन्राड लॉरेन्ट्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या मागे हंसाची पिल्लं रांगेने फिरायची, कारण अंड्यातून निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा त्यालाच पाहिलं होतं. या 'इम्प्रिंटिंग'चा आणि प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या लॉरेन्ट्झला १९७३ मध्ये आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. बुलबुल-साळुंकीच्या बाबतीत ते इतकं झटपट होत नाही, पण एकट्याने माणसांत वाढलेल्या पिल्लाची भीती जाते. आणि जंगली पक्ष्याचा सगळ्यात मोठा विमा म्हणजे ती भीतीच. माणसाला बघून चोच उघडणारं पिल्लू गच्चीवरून सोडलं तर पहिल्याच मांजरासमोर जाऊन बसतं. बरं, गाणारे पक्षी आपलं गाणंही मोठ्यांचं ऐकून शिकतात. बेडरूममध्ये वाढलेल्या दयाळाने ते कुणाकडून शिकायचं?

उत्तर प्रदेशातल्या अमेठीचा सारस आठवत असेल. एका तरुणाने जखमी सारसाला बरं केलं, तो मोकळाच होता पण त्याला सोडून जाईना, बाइकमागे उडत जायचा. २०२३ च्या मार्चमध्ये वनविभागाने तो सारस नेला आणि शेवटी तो कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचला. त्या तरुणाला वन्यजीव कायद्याखाली नोटीस आली. पिंजऱ्याजवळ त्याला पाहून पंख पसरून नाचणाऱ्या पक्ष्याचा व्हिडिओ बघून अर्धा देश हळहळला. माझ्या मते त्या तरुणाला खलनायक ठरवणं चूकच होतं. पण तो पक्षी ना माणसांत राहिला ना सारसांत, हेही खरं, आणि त्याची किंमत पक्ष्यानेच मोजली.

कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्याकडचे जंगली पक्षी पाळता येत नाहीत. यात शेजारच्या काकूंचा मिठूही आला. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हाच आहे, मग तो कितीही छान 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत असला तरी. जखमी पिल्लू उचलून वनविभागाकडे पोहोचवण्याला कुणाचीच हरकत नसते. ते कपाटावर लपवून वाढवणं ही भानगड.

ज्यांना यात खरंच उतरायचंय त्यांनी शौनक सेन यांची 'ऑल दॅट ब्रीद्स' ही २०२२ ची डॉक्युमेंटरी बघावी. दिल्लीतल्या वझिराबादमध्ये दोन भाऊ वर्षानुवर्षं जखमी घारींवर उपचार करतात. तळघर, खिम्याचं मशीन, पैशांची ओढाताण, आणि शेजारी सोप-डिस्पेन्सर बनवायचा घरचा धंदा. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेल्या या फिल्ममध्ये पक्ष्याला कुरवाळण्यापेक्षा काम करणंच जास्त दिसतं. रेस्क्यू संस्थांना व्हॉलंटियर हवे असतात, पण पहिले काही महिने पिंजरे धुण्यात जातात, ही तयारी ठेवून जा.

एक काम मात्र कुठल्याही ट्रेनिंगशिवाय करता येतं आणि त्याने एका दिवसात डझनभर पिल्लं वाचू शकतात. पावसाळ्याआधी सगळीकडे झाडांची छाटणी निघते. नेमकी तेव्हाच अनेक पक्ष्यांची घरटी भरलेली असतात. मोठ्या चिंचेवर, पिंपळावर बगळ्यांची, रातबगळ्यांची वसाहत असेल तर एका फांदीबरोबर कितीतरी पिल्लं खाली येतात. याच कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणंही येतं, हे छाटणी करणाऱ्यांना आणि ती करून घेणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसतं. एनएसएसच्या चार पोरांनी छाटणीच्या आदल्या दिवशी सकाळी तासभर कॅम्पसमधली झाडं बघितली, खालची पांढरी विष्ठा, वरची ये-जा आणि काड्यांचे पुंजके टिपले, फोटो काढले आणि प्राचार्यांच्या सहीने उद्यान विभागाला पत्र दिलं, तर धोकादायक नसलेल्या फांद्या पिल्लं उडेपर्यंत थांबू शकतात. पत्राबरोबर फोटो जोडा, झाडाचा नंबर लिहा, आणि १९२६ वरही कळवून ठेवा. छाटणीवाले सकाळी लवकर येतात, तेव्हा त्या दिवशी कुणीतरी साडेसातच्या आत गेटवर हजर असलेलं बरं.